मोठ्या वयात शिकताना: स्वतःचा शिक्षक होण्याची पद्धत

शाळेत असताना शिकण्याचे अर्धे काम दुसरे कोणीतरी करत असते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. कोणता विषय घ्यायचा, त्यातले आधी काय आणि नंतर काय, आज किती झाले म्हणजे पुरे, हे शिक्षक ठरवतात; उद्या प्रश्न विचारले जातील या धाकाने आपण उजळणी करतो; आणि चुकले तर वहीवर लाल रेघ उमटते. मोठेपणी आपण एखादा विषय हाती घेतो तेव्हा पुस्तके मिळतात, व्हिडिओ मिळतात, कधी एखादा महागडा वर्गही मिळतो, परंतु निवडण्याची, क्रम लावण्याची, प्रश्न विचारण्याची आणि चूक दाखवण्याची ही चारही कामे बेवारस राहतात. चाळिशी-पन्नाशीत उत्साहाने सुरू केलेला अभ्यास दोन महिन्यांत बंद पडतो, तेव्हा माझ्या पाहण्यात तरी बुद्धी क्वचितच कमी पडलेली असते. या चारांपैकी एखादे काम कोणीच केलेले नसते, एवढेच.

ही कामे स्वतःकडे कशी घ्यावीत हे पुढे सांगितले आहे. विषय भाषा असो, हिशेब असो, संगणक असो की एखादे वाद्य, पद्धत फारशी बदलत नाही. ॲलन टफ या कॅनडातील अभ्यासकाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले होते, की प्रौढ माणसे हाती घेत असलेल्या शिक्षणापैकी बहुतांश शिक्षण त्यांनी स्वतःच आखलेले असते. म्हणजे मोठी माणसे शाळेबाहेर, शिक्षकाविना शिकतातच. ते आखणे नीट केले तर किती फरक पडतो, हा खरा प्रश्न आहे.

वयाची भीती किती खरी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो, की पन्नाशीतला माणूस विसरलेल्या प्रत्येक शब्दाचा दोष वयाला देऊन मोकळा होतो. जोशुआ हार्टशॉर्न आणि लॉरा जर्माइन या संशोधकांनी २०१५ साली सुमारे ५० हजार लोकांच्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडले, तेव्हा बुद्धीची सगळी अंगे ज्या वयात एकाच वेळी शिखरावर असतात असे एकही वय त्यांना सापडले नाही. माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग १८-१९ व्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक असतो. अल्पकालीन स्मृती पंचविशीपर्यंत वाढते आणि पस्तिशीनंतर हळूहळू उतरू लागते. दुसऱ्याच्या भावना ओळखण्याची क्षमता चाळिशी-पन्नाशीत बहरते. शब्दसंग्रह तर साठी उलटून गेल्यावरही वाढत असतो. वेग कमी होतो, साठा वाढतो, असा हा व्यवहार आहे.

मेंदूही गोठून जात नाही. साठीच्या आसपासच्या मंडळींना तीन चेंडू हवेत उडवून झेलण्याचा खेळ शिकवून २००८ साली एक प्रयोग करण्यात आला. तीन महिन्यांच्या सरावानंतर त्यांच्या मेंदूतील काही भागांत करड्या द्रव्याची वाढ दिसली आणि सराव थांबवल्यावर ती ओसरली. या प्रयोगातला दुसरा भाग मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण शिकलेले टिकवायचे असेल तर हात चालू ठेवावा लागतो हे त्यातून कळते.

या सगळ्याचा व्यवहारात अर्थ एवढाच, की तरुण सहाध्यायाच्या वेगाशी स्पर्धा करू नये. व्हिडिओ थांबवत पाहावा, एका बैठकीत कमी भाग घ्यावा, आणि नवी माहिती डोक्यात धरून ठेवण्याऐवजी लगेच कागदावर उतरवावी. कारण कार्यरत स्मृतीत, म्हणजे हातातल्या कामापुरते डोक्यात धरून ठेवण्याच्या जागेत, एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात आणि ही मर्यादा तरुणांनाही चुकलेली नाही. आणखी एक क्षुल्लक वाटणारी, पण मी अनेकदा पाहिलेली गोष्ट म्हणजे डोळे. अक्षर पुसट दिसत असले की विषय अवघड वाटू लागतो. अशा वेळी आधी चाळिशी लावावी, दिवा जवळ घ्यावा आणि त्यानंतर हवे तर विषयाला दोष द्यावा.

आधी वाक्य लिहा

प्रौढांच्या शिक्षणाचा वेगळा विचार व्हावा म्हणून 'अँड्रॅगॉजी' हा शब्द अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने १८३३ सालीच वापरला होता. तो जगभर पोहोचवला अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी, १९७० च्या सुमारास. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की प्रौढ माणसाला आपण हे का शिकतो आहोत हे आधी कळावे लागते, शिकण्याची सूत्रे त्याला आपल्या हाती हवी असतात, त्याच्याजवळ अनुभवाचा साठा असतो, आणि समोर उभ्या असलेल्या कामासाठी किंवा अडचणीसाठी तो शिकतो. 'पुढे कधीतरी उपयोग होईल' हे आश्वासन त्याला पुरत नाही. नोल्स यांनी सुरुवातीला मुलांची पद्धत आणि प्रौढांची पद्धत एकमेकींच्या विरोधात मांडली होती, परंतु १९८० च्या आवृत्तीत त्यांनी ती भूमिका सौम्य केली, आणि ते योग्यच झाले. पूर्णपणे नव्या विषयात पन्नाशीच्या माणसालाही काही काळ बोट धरून चालवणारा कोणीतरी लागतो. 'मी प्रौढ आहे, माझे मी पाहीन' हा ताठा तिथे उपयोगी पडत नाही.

तेव्हा पहिले काम कागद घेऊन एक वाक्य लिहिण्याचे. 'मला इंग्रजी शिकायचे आहे' हे वाक्य चालणार नाही, कारण ते कधी पूर्ण झाले हे कोणालाच सांगता येणार नाही. 'सहा महिन्यांनी कामाच्या बैठकीत मला पाच मिनिटे, कागदात न पाहता, माझा मुद्दा इंग्रजीत मांडता आला पाहिजे' हे वाक्य चालेल. त्यात मुदत आहे, प्रसंग आहे आणि परीक्षाही आहे. असे वाक्य हाती आले की निवड सोपी होते. बैठकीत बोलायचे असेल तर व्याकरणाचे जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही, हे आपोआप कळते.

केनियातील किमानी मारुगे २००४ साली, वयाच्या ८४ व्या वर्षी, प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गात मुलांच्या शेजारी जाऊन बसले. शाळेतील शिक्षण सरकारने नुकतेच मोफत केले होते. आपल्याला बायबल स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावे हे त्यांचे एक कारण होते. दुसरा कोणी वाचून दाखवतो ते खरेच तिथे लिहिलेले आहे की नाही, हे त्यांना पडताळून पाहायचे होते. इतके नेमके कारण असलेला माणूस अडखळला तरी वर्ग सोडत नाही.

अर्थात प्रत्येक वेळी कारण कामाचे असायलाच हवे, असे नाही. नुसत्या कुतूहलाने ताऱ्यांविषयी वाचणाऱ्या माणसानेही वाक्य लिहावे, मात्र ते त्याच्या आनंदाला साजेसे असावे: 'येत्या हिवाळ्यापर्यंत मला नकाशाशिवाय दहा नक्षत्रे आकाशात दाखवता आली पाहिजेत.'

अनुभव हे भांडवल आहे, अडसरही आहे

नवी गोष्ट जुन्या गोष्टीला अडकवली की ती लवकर बसते, आणि प्रौढांकडे अडकवायला खुंट्या भरपूर असतात. घराचा जमाखर्च वीस वर्षे सांभाळलेल्या व्यक्तीला ताळेबंद शिकवताना नवे शब्द थोडेच द्यावे लागतात; कल्पना तिच्याजवळ आधीच असतात. म्हणून नवा विषय सुरू करताना एक कोरे पान घ्यावे आणि 'याविषयी मला आधीच काय माहीत आहे, हे माझ्या कोणत्या कामासारखे आहे' हे पुस्तक उघडण्यापूर्वी लिहून काढावे. दहा मिनिटे पुरतात.

याच पानावर अडसरही सापडतात. टंकलेखन दोन बोटांनी करण्याची पंधरा वर्षांची सवय असलेला माणूस दहा बोटांनी शिकू लागला, की त्याचा वेग पहिल्या काही आठवड्यांत आधीपेक्षा कमी होतो, आणि कामाची घाई असली की तो पुन्हा दोन बोटांवर येतो. येथे नव्याने शिकण्याबरोबर जुने सोडायचेही असते, आणि सोडण्याचे काम अधिक जड जाते. उपाय एकच आहे: नव्या पद्धतीचा सराव कामाच्या घाईबाहेर, वेगळ्या वेळी करावा, आणि काही काळ वेग कमी होणार हे आधीच मान्य करून ठेवावे. आपल्याला समजते असे वाटणे आणि खरोखर समजणे यांतले अंतरही इथेच मोजावे. लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना चेन कशी लागते, शौचालयातील फ्लश कसा चालतो यांसारख्या रोजच्या वस्तू टप्प्याटप्प्याने समजावून सांगायला लावले. सांगू लागल्यावर त्याच लोकांनी स्वतःच्या समजुतीला दिलेले गुण कमी केले. रोज हाताळतो म्हणून कळते, हा भ्रम मोठ्या माणसांत विशेष पक्का असतो.

सामग्री आणि क्रम

याबाबत फार लिहिण्यासारखे नाही, कारण लोक येथे गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. एक मुख्य पुस्तक किंवा एक अभ्यासक्रम निवडावा आणि तो संपेपर्यंत दुसरा उघडू नये. सामग्री गोळा करणे हे शिकण्यासारखे वाटते, पण ते शिकणे नसते.

क्रमाविषयी मात्र एक गोष्ट पक्की सांगता येते. अगदी नव्या विषयात स्वतः डोके फोडत बसण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणे बारकाईने पाहणे अधिक फलदायी असते, असे जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी १९८५ साली बीजगणिताच्या बाबतीत दाखवले. पाच-सहा सोडवलेली उदाहरणे घ्यावीत, प्रत्येक पायरीपाशी थांबून 'हे असे का केले' याचे उत्तर स्वतःला मोठ्याने द्यावे, नंतर शेवटची पायरी झाकून ती स्वतः करावी, मग शेवटच्या दोन, आणि असे करत अखेर पूर्ण उदाहरण स्वतः सोडवावे. विषय हाताखाली आला की मात्र सोडवलेली उदाहरणे बंद करावीत, कारण जाणत्याला ती अडथळाच ठरतात.

'मी पाहून शिकणारा आहे', 'मी ऐकून शिकणारा आहे' अशा वर्गीकरणावर वेळ घालवू नये. त्या त्या माणसाला त्याच्या 'शैली'प्रमाणे शिकवले तर तो जास्त शिकतो याला पुरेसा आधार नाही, असे हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली उपलब्ध संशोधन तपासून सांगितले आहे. पोहणे पाण्यात शिकायचे आणि उच्चार कानाने. माध्यम विषय ठरवतो.

पुन्हा वाचू नका, आठवून पाहा

आता या लेखातील मुख्य भाग. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी जर्मन भाषा शिकायला घेतली, आणि तीन महिने शाळेत करायचो तेच केले: धडा वाचला, रंगीत पेनाने ओळी अधोरेखित केल्या, पुन्हा वाचला. पुस्तक ओळखीचे झाले होते, कोणतेही पान उघडले तरी 'हे येते मला' असे वाटत होते. मग एका परिचिताला दोन ओळींचे पत्र लिहिण्याची वेळ आली आणि पहिल्या क्रियापदालाच गाडी अडली. ओळख पटणे आणि आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. मी तीन महिने पहिल्याचाच सराव केला होता.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत प्रत्येक प्रौढ विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर नसताना, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चारही सत्रे वाचणारे पुढे होते: त्यांना ८३ टक्के भाग आठवला, दुसऱ्या गटाला ७१ टक्के. एका आठवड्याने मात्र चित्र उलटले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरला होता, आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. त्यातही वाचणाऱ्या गटाला आपल्याला पुढेही चांगले आठवेल याची अधिक खात्री वाटत होती. पुन्हा वाचण्याने स्मृतीपेक्षा आत्मविश्वासच जास्त वाढतो, आणि म्हणूनच ती सवय सुटत नाही.

प्रत्यक्षात करायचे ते असे. एक प्रकरण किंवा एक धडा वाचून झाला की पुस्तक मिटावे, कोरा कागद घ्यावा आणि आठवेल ते सगळे लिहावे. सुंदर लिहिण्याची गरज नाही. आठवण संपली असे वाटल्यावरही दोन मिनिटे थांबावे, कारण त्या अस्वस्थ दोन मिनिटांत आणखी काहीतरी वर येते, आणि खरे काम तिथेच होते. मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या शाईने राहिलेले आणि चुकलेले भरावे. त्या वेगळ्या रंगातल्या नोंदींवरून उद्याचे प्रश्न तयार करावेत. प्रश्न एका छोट्या वहीत डाव्या बाजूला आणि उत्तर उजव्या बाजूला लिहिले, म्हणजे उजवी बाजू हाताने झाकून केव्हाही स्वतःची परीक्षा घेता येते. प्रश्न विचारणारा शिक्षक तो हाच. तो वहीत राहतो.

हाताच्या कौशल्यालाही हे लागू आहे. वाद्यावर एखादा तुकडा शिकताना स्वरलिपी समोर ठेवून दहा वेळा वाजवण्यापेक्षा दोनदा पाहून वाजवावा, मग कागद उलटा ठेवून वाजवावा, अडेल तिथे थांबून आठवण्याचा प्रयत्न करावा, आणि अगदीच आठवले नाही तर पाहावे. घोकंपट्टीची आपल्याला सवय आहे, आणि घोकण्यात पाठ करण्याचा एक भाग खरोखर असतोही. फक्त ते घोकणे डोळ्यांसमोर मजकूर ठेवून झाले तर पालथ्या घड्यावर पाणी.

अंतर ठेवणे

हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून विसरण्याचा वेग मोजला. त्यांनी निरर्थक अक्षरगट पाठ केले आणि ते पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात हे पाहिले. एका तासाने सुमारे ४४ टक्के श्रम वाचत होते, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के, आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि नंतर मंदावते. अर्थपूर्ण मजकूर इतक्या वेगाने जात नाही, पण उताराचा आकार साधारण असाच असतो.

यावरून एक सोपा नियम निघतो: चार तास एकाच रविवारी बसण्यापेक्षा तेच चार तास आठवड्यावर पसरावेत. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या अभ्यासात असे दिसले, की आठवड्याने लागणारी गोष्ट असेल तर उजळणी एक-दोन दिवसांनी करावी, आणि वर्षभराने लागणारी असेल तर उजळणीतले अंतर तीन ते पाच आठवड्यांचे असावे. प्रौढांना बहुधा दुसऱ्या प्रकारची गरज असते, कारण परीक्षा देऊन मोकळे व्हायचे नसते. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक पानावर चार तारखा असतात: उद्याची, आठवड्यानंतरची, महिन्यानंतरची आणि चार महिन्यांनंतरची. त्या दिवशी पानाची उजवी बाजू झाकून उत्तरे द्यायची. जे चुकेल त्याच्या तारखा पुन्हा पहिल्यापासून मांडायच्या.

हॅरी बाह्रिक यांनी तर स्वतःला, पत्नीला आणि दोन मुलींना या कामी लावले. चौघांनी परभाषेतील ३०० शब्द वेगवेगळ्या अंतरांनी पुन्हा पुन्हा पाठ केले आणि पुढे अनेक वर्षे त्यांची आठवण तपासली. १९९३ साली तो निबंध चौघांच्या नावाने प्रसिद्ध झाला. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्यांनी जेवढे टिकले, तेवढे टिकवायला १४ दिवसांच्या अंतराने २६ उजळण्या कराव्या लागल्या. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याच्यासाठी याहून चांगली बातमी नाही, मात्र तिच्यात एक अट दडलेली आहे: लांब अंतरानंतर आठवताना त्रास अधिक होतो आणि आपण मागे पडलो असे वाटत राहते. तसे वाटू द्यावे.

हाच त्रास मिश्र सरावातही होतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली घनाकृतींचे आकारमान काढण्याची उदाहरणे एका गटाला प्रकारवार आणि दुसऱ्याला मिसळून दिली. सरावाच्या वेळी प्रकारवार करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसरा ६३ टक्क्यांवर राहिला. प्रकारवार सरावात कोणते सूत्र वापरायचे हे मथळ्यानेच सांगितलेले असते, आणि बाहेरच्या जगात मथळे नसतात. म्हणून वहीतले प्रश्न क्रमाने न विचारता मध्येच कुठूनही विचारावेत, आणि तीन प्रकरणे झाल्यावर तिन्हींची उदाहरणे एकत्र करून सोडवावीत.

वेळ कुठून काढायचा

सवय लागायला २१ दिवस लागतात असे सर्रास सांगितले जाते. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० साली लोकांच्या रोजच्या छोट्या सवयींची नोंद ठेवली, तेव्हा मध्यक ६६ दिवसांचा आला, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारशी बाधा आली नाही. ही शेवटची गोष्ट प्रौढांनी विशेष ध्यानात घ्यावी, कारण त्यांचे दिवस चुकणारच: कोणीतरी आजारी पडेल, कामावर थांबावे लागेल. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा आधीच होत असलेल्या कामाला बांधावी. 'रोज सात वाजता' असे ठरवण्यापेक्षा 'सकाळचा चहा झाला की, त्याच खुर्चीवर, वहीतले पाच प्रश्न' असे ठरवले तर ते अधिक टिकते. वीस मिनिटे पुष्कळ झाली. पी हळद आणि हो गोरी या वृत्तीने पहिल्या आठवड्यात रोज दोन तास बसणारे लोक तिसऱ्या आठवड्यात दिसत नाहीत.

चूक, संकोच आणि सोबत

चूक दाखवणारा शिक्षक मिळवणे हे चौथे काम, आणि प्रौढांना तेच सर्वांत जड जाते. आपल्या क्षेत्रात ज्याचा शब्द मानला जातो त्या माणसाला नव्या भाषेत चार वर्षांच्या मुलासारखे बोलताना स्वतःचीच लाज वाटते, मग तो बोलणे टाळतो आणि नुसते वाचत राहतो. यावर एक दिलासा आहे: पूर्ण खात्रीने दिलेले उत्तर चुकीचे निघाले आणि लगेच बरोबर उत्तर कळले, तर ते उत्तर डळमळीत मनाने केलेल्या चुकीच्या दुरुस्तीपेक्षा अधिक पक्के बसते, असे ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ साली दाखवले. चुकल्यावर बसणारा धक्काच लक्ष वेधून घेतो. म्हणून उत्तर पाहण्यापूर्वी आपले उत्तर ठामपणे लिहून टाकावे; मनातल्या मनात 'असे काहीतरी' म्हणून पुढे जाऊ नये.

स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत, तेव्हा महिन्यातून एकदा तरी आपले काम दुसऱ्याच्या नजरेखाली जायला हवे. शिक्षक असेल तर उत्तम, नसेल तर त्याच वाटेवर चार पावले पुढे असलेला कोणीही चालेल. त्याला 'कसे वाटले' असे विचारू नये, कारण लोक सौजन्याने 'छान' म्हणतात. 'यातली सर्वांत वाईट जागा कोणती' असे विचारावे. फ्रान्समधील तुलूझ येथे १९७३ साली ज्येष्ठांसाठी 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' सुरू झाले. तीच कल्पना १९८२ साली ब्रिटनमध्ये रुजली तेव्हा तिला वेगळे वळण मिळाले: तेथे सदस्यच एकमेकांना शिकवू लागले, आणि आज शिकवणारा उद्या दुसऱ्याच्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसू लागला. शिकवण्यासाठी तयारी करताना स्वतःच्या समजुतीतली भोके जितकी दिसतात तितकी एरवी दिसत नाहीत, त्यामुळे चार-पाच जणांचा असा गट कोणत्याही वयात जमवण्यासारखा आहे.

नोकरीपलीकडे

सध्या आजीवन शिक्षणाची चर्चा बहुतेक वेळा नोकरीतल्या कौशल्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तंत्र बदलते, जुने काम जाते, नवे शिकावे लागते, हे खरेच आहे. परंतु ही कल्पना ज्यांनी मांडली त्यांच्या डोळ्यांसमोर याहून मोठे काहीतरी होते. डेन्मार्कमध्ये एन. एफ. एस. ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ साली रोडिंग येथे पहिले लोकविद्यालय निघाले. परीक्षा आणि पदव्या यांना या परंपरेत स्थान नव्हते, कारण शेतकऱ्यांच्या तरुण मुलांनी नागरिक म्हणून बोलायला आणि विचार करायला शिकावे हा हेतू होता. युनेस्कोसाठी एडगर फोर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९७२ साली दिलेल्या अहवालाचे नावच 'लर्निंग टू बी', म्हणजे 'माणूस म्हणून घडायला शिकणे', असे होते, आणि जॅक देलोर यांच्या आयोगाने १९९६ साली शिक्षणाचे जे चार स्तंभ सांगितले त्यांत काम करायला शिकणे हा एक होता. जाणून घ्यायला, एकत्र राहायला आणि माणूस म्हणून घडायला शिकणे हे उरलेले तीन. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ साली पहिले विद्यार्थी घेतले तेव्हा प्रवेशासाठी आधीच्या शिक्षणाची अट ठेवली नाही. दिवसभर काम करून रात्री अभ्यास करणाऱ्या त्या हजारो लोकांतल्या अनेकांना एकेकाळी बंद झालेले दार उघडून पाहायचे होते.

खंड पडल्यानंतर

शेवटी एका अपरिहार्य गोष्टीची तजवीज. कितीही नेमके आखले तरी कधीतरी तीन महिने वही उघडली जाणार नाही. त्यानंतर बहुतेक लोक 'आता पुन्हा पहिल्यापासून' म्हणून पहिल्या प्रकरणाकडे वळतात, तेथे सगळे ओळखीचे वाटते, कंटाळा येतो, आणि चौथ्या प्रकरणापर्यंत पोहोचण्यापूर्वी पुस्तक पुन्हा मिटते. एबिंगहाउस यांचे आकडे येथे कामाला येतात: महिन्यानेही काही श्रम वाचतच होते, म्हणजे पुसले गेले असे वाटणारे सगळेच पुसलेले नसते, आणि दुसऱ्यांदा शिकणे पहिल्यापेक्षा लवकर होते. म्हणून परत येताना काहीही वाचू नये. वही थेट शेवटच्या भरलेल्या पानावर उघडावी, उजवी बाजू झाकावी, आणि एकेक प्रश्न सोडवत मागे जावे. ज्या पानावर निम्म्याहून अधिक उत्तरे बरोबर येतील त्या पानाच्या पुढच्या पानापासून अभ्यास सुरू करावा, आणि वरच्या कोपऱ्यात नव्या चार तारखा लिहाव्यात.